गाडी तापते कधी, ते आधी सांगा
वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी आणि इंजिनाचं तापणं

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत एकच ओळ असते : ‘गाडी गरम होते, काय बदलू?’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. उभ्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर दोष बहुधा वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पंख्यात किंवा पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या जाळीत असतो. शहरात ठीक चालते पण ऐंशीच्या वेगाला अर्ध्या तासात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. सकाळी सुरू करून पाच मिनिटांत काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व) अडकलाय, पाणीच नाही किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय. बंद केल्यावर रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीतून बुडबुड आवाज येतो, तर आधी रेडिएटरचं झाकण बघा. म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी चार दिवस कागदावर टिपून ठेवा : किती किलोमीटरनंतर, कोणत्या वेगाला, एसी चालू की बंद, चढ की सपाट. पान्याला हात लावण्याआधीचं हे काम फुकट आहे आणि सगळ्यात जास्त पैसे तेच वाचवतं.

प्रश्न : माझी १९९७ ची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. हायवेला काटा मधोमध असतो. सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबलं की वर सरकतो. पंखा कधी फिरताना ऐकू येतो, कधी नाही. मेकॅनिक रेडिएटर बदला म्हणतो. बदलू का?
– एक वाचक, सातारा

आत्ताच नको. वेगात असताना समोरचा वारा पंख्याचं काम करतो आणि तुमची गाडी तेव्हा थंड राहते. याचा अर्थ पाणी फिरतंय आणि रेडिएटरही बऱ्यापैकी काम करतोय. संशय पंख्यावर आहे.

तपासणी पंख्यापासून मागे मागे न्यायची. आधी इंजिन बंद, थंड. पंख्याचं पातं बोटाने फिरवून बघा. घासत असेल किंवा आसात खेळ असेल तर मोटर संपत आलेली आहे. मग मोटरचं कनेक्शन सोडून दोन तारांनी थेट बॅटरीवरून वीज द्या. पंखा ताबडतोब, जोरात फिरला पाहिजे. कुरकुरत सुरू झाला किंवा टिचकी मारल्यावरच फिरला तर आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. ‘कधी फिरतो, कधी नाही’ याचं हे अगदी नेहमीचं कारण.

मोटर चांगली निघाली तर थर्मो स्विचकडे या. तो रेडिएटरच्या टाकीवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरापाशी पाण्यात बुडालेला असतो. पाणी ९२ ते ९८ अंशांच्या आसपास गेलं की तो आतून जोडला जातो. इग्निशन चालू ठेवून त्याच्या दोन तारा काढा आणि एकमेकींना जोडा. स्विचला एकच तार असेल तर ती बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर स्विच मेला आहे आणि खर्च फार नाही. नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा विजेवरचा स्विच), अर्थ (बॉडीला जाणारी तार) या क्रमाने जा. फ्यूज शाबूत असला तरी काढून त्याची बैठक बघाच. जुन्या गाड्यांत ती उष्णतेने वितळून काळी पडते, टेस्टरला वीज दिसते पण मोटरचा भार ओढायला पुरत नाही. पंखा फिरत असताना मोटरच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. तिथला आकडा बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा एका व्होल्टहून जास्त कमी भरला तर कुठेतरी गंज किंवा ढिला जोड आहे.

एक सूचना. तारा जोडून बघण्याची ही युक्ती जुन्या, सरळ स्विचच्या गाड्यांसाठी आहे. ज्या गाडीत पंखा कॉम्प्युटर चालवतो तिथे असं करू नका. अशा अनेक गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचा प्लग नुसता काढला तरी खबरदारी म्हणून पंखा चालू होतो. नाही झाला, तर तपास रिलेपासून सुरू करायचा.

पंखा फिरतोय तरी काटा चढतो, असं झालं तर जाळीपुढे वर्तमानपत्राचा अर्धा कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. उलट बाहेर ढकलला गेला तर कोणीतरी मोटर बदलताना तारा उलट जोडल्या आहेत. हा घोळ वाटतो त्यापेक्षा खूपदा सापडतो आणि डोळ्यांना अजिबात दिसत नाही, कारण पंखा तर फिरत असतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच आहे ना, तेही बघा. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच घुसळत बसतो.

प्रश्न : सपाटीला काही त्रास नाही. आंबा घाट चढताना मात्र निम्म्यातच काटा लालच्या जवळ जातो. गाडी २००३ ची, पेट्रोल. नवा रेडिएटर, नवं कुलंट घातलं. फरक शून्य.
– एक वाचक, कोल्हापूर

घाटात इंजिन सगळ्यात जास्त उष्णता तयार करतं आणि वेग सगळ्यात कमी असतो. तिथे अंगातली प्रत्येक छोटी कमतरता एकत्र येऊन उभी राहते. रेडिएटर बदलून फरक पडला नाही, ही खरं तर उपयोगी माहिती आहे. आता दोन दिशांना जायचं : पाणी नीट फिरतंय का, आणि इंजिन स्वतःच गरजेपेक्षा जास्त उष्णता करतंय का.

पाण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. इंजिन पूर्ण गरम करा, पंखा एकदा लागून बंद होऊ द्या, आणि रेडिएटरला जोडलेल्या वरच्या व खालच्या रबरी होज पाइपवर आकडा घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खोटा, कमी आकडा दाखवतं. धातूवर मोजायचं असेल तर तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा. दोन्ही पाइपांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर ठीक. फरक २५ अंशांच्या वर असेल तर पाणी फार हळू चाललंय : थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, पंपाची पाती गंजून झिजली आहेत, किंवा वाटेत कचरा आहे. वरचा-खालचा दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच तापले असतील तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. एसीच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी असते आणि त्या दोघांच्या फटीत माती, किडे, उसाच्या पाचटाचा भुसा जमतो. नवा रेडिएटर बसवताना ती फट साफ केली नसेल तर नव्या रेडिएटरचा उपयोग तो काय? पाण्याची धार मागून पुढे सोडा, आणि प्रेशर वॉशरने नको, पत्र्याच्या नाजूक पट्ट्या दुमडतात.

खालचा होज पाइप हे घाटातलं खास दुखणं. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. पाइप जुना, मऊ झालेला असेल किंवा आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल, तर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) सगळं छान दिसतं आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर नेलं की पाइप चपटा होऊन पाण्याची वाट बंद होते. एकाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि बाजूला उभं राहून पाइपकडे बघा. हात पंखा आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.

आता दुसरी दिशा. इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल तर पेट्रोल उशिरा जळतं आणि ती आग सिलिंडरच्या भिंतींना व एक्झॉस्टला तापवते. ताकद कमी, उष्णता जास्त. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या जुन्या भागाची) गाडी असेल तर टायमिंग लाइट लावून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा, आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून आतली प्लेट हलते व जागेवर टिकते का पाहा. पडदा फाटलेला असेल तर ती हलणार नाही. स्पार्क प्लग काढून बघा. चिनी माती पांढरीफटक दिसत असेल तर मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडतेय. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा खेचली जात असेल किंवा पेट्रोलचा जेट अर्धवट तुंबला असेल तर असं होतं.

तुंबलेला एक्झॉस्ट तपासायला व्हॅक्यूम गेज लागतं. धडधाकट इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. २,५०० फेऱ्यांवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली घसरत गेला तर धूर बाहेर जायला वाट नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) किंवा सायलेन्सर चोंदलाय. शेवटी ब्रेक : दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून थांबा आणि चारही चाकांच्या मधोमध थर्मामीटर लावा. एखादं बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय आणि इंजिन ते ओझं घेऊन घाट चढतंय.

आणि चालवण्याबद्दल : तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कुंथवत चढू नका. दुसऱ्यात, २,५०० ते ३,००० फेऱ्यांवर चढा. पंप इंजिनाबरोबर फिरतो, फेऱ्या वाढल्या की पाणीही जास्त फिरतं.

प्रश्न : गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकला. म्हणाले, ‘आपल्या हवेत लागत नाही.’ खरं का?
– एक वाचक, नाशिक

नाही. हा सल्ला महाराष्ट्रभर दिला जातो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट बाहेरच्या थंडीसाठी नसतो, इंजिन त्याच्या योग्य तापमानाला लवकर पोचावं आणि तिथेच राहावं यासाठी असतो. तो नसेल तर सकाळचे कित्येक किलोमीटर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर लवकर झिजतो.

दुसरं नुकसान कमी लोकांना माहीत असतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून एक दुसरी चकती असते. वरची वाट उघडली की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे गरम होऊ नये म्हणून काढलेल्या भागामुळेच गाडी घाटात गरम होते.

नवा बसवण्याआधी घरी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडा. अंगावर ८२ छापलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि ९५ च्या सुमारास पुरता, साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. गॅस बंद केल्यावर तो पूर्ण मिटतो का हेही बघा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि काठावर हलणारी छोटी खिट्टी असेल तर ती वरच्या टोकाला. तिथून हवा निघते.

प्रश्न : इंडिका डिझेल, जुनी. दर आठवड्याला अर्धा-पाऊण लीटर पाणी कमी होतं. खाली थेंबही दिसत नाही. हेड गॅस्केट गेलं असं एकाने सांगितलं, दुसरा म्हणतो वॉटर पंप. हेड उघडण्याआधी खात्री कशी करायची?
– एक वाचक, पुणे

हेड उघडण्याआधी खात्री करायचीच असते, हा प्रश्नच योग्य आहे. सोप्यापासून सुरू करू.

सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. रेडिएटरमध्ये पाणी कमी आणि बाजूची बाटली भरलेली, असं दिसलं तर पाणी गेलेलं नाही, नुसतं परत आलेलं नाही. तापल्यावर पाणी फुगून बाटलीत जातं आणि थंड होताना ओढलं जाऊन परत यायला हवं. झाकणाचा मधला छोटा व्हॉल्व अडकला असेल किंवा बाटलीच्या नळीला चीर असेल तर पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते. झाकण बदला आणि नळीची दोन्ही टोकं कापून नव्याने बसवा.

झाकणाला लोक किरकोळ समजतात, म्हणून थोडं सविस्तर. कुकरच्या शिट्टीसारखंच त्याचं काम आहे. ०.९ बार दाबाचं झाकण धड असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर ते १०० लाच उकळतं, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ ला. इंजिन नेहमीच्या तापमानाला चालत असूनही तिथे पाणी उसळेल. झाकणावर छापलेला आकडा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच हवा. ‘जास्त दाबाचं बसवू’ हा विचार नको, जुन्या होज आणि हीटरची नळी आधी फुटेल.

मग प्रेशर टेस्टर. थंड इंजिन, पाणी काठोकाठ, झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा उतरला तर कुठून तरी जातंय. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं. सील गेल्याची खूण म्हणून तिथून पाणी पाझरतं आणि गरम इंजिनावर वाळून पांढरा-हिरवा डाग ठेवतं. म्हणून तुम्हाला खाली थेंब दिसत नाही. ब्लॉकच्या अंगावरच्या पत्र्याच्या गोल बुचांभोवती गंजाचे ओघळ बघा. पुढच्या सीटसमोरचा गालिचा दमट, काचेवर चिकट धुकं आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी फुटली आहे.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा तरी उतरतोय, तेव्हा हेड गॅस्केटकडे वळायचं. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटातच, थर्मोस्टॅट उघडण्याआधी, एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. झाकण लावून दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तोही तोच पुरावा. पाणी अजून कोमट असताना वाफेने तो कडक होऊ शकत नाही.

पक्कं करायला रासायनिक चाचणी आहे : रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात आणि पेट्रोल इंजिनाचा धूर असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रावण पिवळं पडतं. डिझेलच्या आयडलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. म्हणून तुमच्या गाडीवर ती फेऱ्या वाढवून, दोनदा करायला सांगा. रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट चांगलं आहे असं धरू नका. दुसरी खात्रीची रीत : प्रेशर टेस्टर लावून गाडी रात्रभर ठेवा, सकाळी ग्लो प्लग काढा, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तार सोडा आणि सेल्फ मारा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल त्यातून फवारा येईल. भोकांसमोर कोणी उभं राहू नये.

ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला म्हणून लगेच हेड उघडू देऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमटपणानेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका.

हेड उघडावंच लागलं तर या गोष्टी आपल्यासमोर करून घ्या. बोल्ट इंजिन थंड असताना, बाहेरून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सोडायचे. हेडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून खाली फीलर (फट मोजायची पातळ पाती) सरकवायचा. पुस्तिकेत दिलेली मर्यादा बहुतेक लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने तपासायचा, हे बहुतेक वेळा राहून जातं. हेडला पाण्याच्या दाबाची चाचणी करून दोन व्हॉल्वमध्ये आणि प्रीचेंबरभोवती चीर नाही ना बघायचं. लेथवर फेस मारताना लागेल तेवढंच काढायचं. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो यावरून गॅस्केटची जाडी ठरते आणि गॅस्केटच्या काठावर त्याच्या खाचा किंवा भोकं असतात. जुन्यावर जितक्या असतील त्या मोजून नवं घ्या. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मध्यापासून बाहेर. ताणून बसवण्याच्या जातीचे असतील तर नवे. ‘अंदाज आहे हाताला’ हे ऐकून घेऊ नका.

आणि हेड बसवण्याआधी विचारा, गॅस्केट उडालं कशाने? पुष्कळदा ते परिणाम असतं. तुंबलेला रेडिएटर किंवा मेलेला पंखा तसाच राहिला तर नवं गॅस्केटही फार काळ टिकणार नाही.

प्रश्न : विहिरीचं पाणी घालत आलो. आता रेडिएटरमध्ये तांबूस चिखल आहे. ॲसिडने धुऊ का?
– एक वाचक, मालवण

ॲसिड नको. संडास धुण्याचं ॲसिड ॲल्युमिनियमचं हेड आणि पंपाची पाती खातं. बाजारातलं रेडिएटर फ्लश बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला, हीटर गरमवर ठेवून सांगितलेला वेळ चालवा, थंड झाल्यावर सोडा. मग थर्मोस्टॅट काढून नळाचं पाणी उलट दिशेने, खालच्या तोंडातून वर, स्वच्छ येईपर्यंत सोडा. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करता येतं. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर तुंबला तर बदलणंच बरं.

भरताना डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीचं पाणी. कोकणात गोठण्याची भीती नाही, पण गंजासाठी कुलंट लागतंच : एक भाग कॉन्सन्ट्रेट, दोन भाग पाणी पुरे. निम्मं-निम्मं केलंत तरी चालेल. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरू नका, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. इथे एक हिशेब चुकतो. धुतल्यावर ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं. म्हणून पुस्तिकेतली क्षमता ४ लीटर असेल आणि निम्मं-निम्मं करायचं असेल तर आधी २ लीटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि मग उरलेली जागा पाण्याने भरा. आधीच मिसळून ओतलं तर मिश्रण पातळ होईल. रंगावर भरवसा ठेवू नका, हिरवं-लाल-निळं याला ठरलेला नियम नाही. जुनं कुलंट उघड्यावर टाकू नका. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

प्रश्न : ओम्नीला एलपीजी किट आहे. कुलंट बदलल्यापासून तापते. हीटरचा वारा थंड येतो आणि गॅसच्या व्हेपरायझरवर चक्क दव जमतं!
– एक वाचक, नागपूर

निदान तुम्हीच लिहिलंय. व्हेपरायझर द्रव गॅसची वाफ करताना उष्णता शोषतो आणि ती त्याला इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते. इंजिन तापलंय आणि तो गारठलाय, म्हणजे त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही. वाटेत हवा अडकली आहे. हीटर थंड, तोही याच कारणाने. इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत नळ्या लांब आणि आडव्या, हवेला दबा धरायला जागा भरपूर.

गाडी चढावर, पाणी भरण्याचं तोंड सगळ्यात उंच येईल अशी उभी करा. हीटर गरमवर. थंड इंजिनात पाणी बारीक धारेने ओता आणि मध्ये मध्ये होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. झाकण उघडं ठेवून सुरू करा, पातळी उतरेल तशी भरत जा. व्हेपरायझरच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागेपर्यंत आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, अधूनमधून २,००० फेऱ्यांपर्यंत न्या. मग झाकण लावा, दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघा. हवा परत परत अडकत असेल तर व्हेपरायझर रेडिएटरच्या पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षा उंच बसवलाय का ते तपासा. तो खालीच हवा. किटच्या टी-जोडांचे क्लिप घट्ट आहेत ना, तेही.

प्रश्न : हेडलाइट लावला की तापमानाचा काटा वर जातो. हे कसं?
– एक वाचक, अकोला

इंजिन तापलेलं नाही. अर्थ खराब आहे. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या जाड पट्ट्या सोडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बांधा. शंका उरली तर थर्मोस्टॅटच्या घरावर चिकटपट्टी लावून मोजा : ८५ ते ९५ असेल तर निर्धास्त राहा.

प्रश्न : हौसेने ठेवलेली प्रीमियर पद्मिनी. मे महिन्यात दुपारी ट्रॅफिकमध्ये बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. काटा मात्र ठीक.
– एक वाचक, मुंबई

पाणी नव्हे, पेट्रोल तापतंय. यांत्रिक पंप इंजिनालाच बसवलेला असतो. उभ्या गाडीत तो आणि नळी तापून आत पेट्रोलची वाफ धरते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं ठेवा, पाचेक मिनिटांत सुरू झाली तर निदान पक्कं. ऑक्टोबर २०२३ पर्यंत या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून धावल्या, आणि पंपाला गुंडाळलेलं ओलं फडकं हा त्या टॅक्सीवाल्यांचा रोजचा उपाय. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवणं, मध्ये उष्णतारोधक पत्रा घालणं आणि पंखा फिरवणारा पट्टा नीट ताणणं. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे.

प्रश्न : रस्त्यात काटा लालमध्ये गेला तर नेमकं काय करायचं? गेल्या महिन्यात काटा आपोआप खाली आला म्हणून चालवत राहिलो आणि इंजिन जाम झालं.
– एक वाचक, सोलापूर

तुमच्या इंजिनाचं वाईट वाटलं, आणि ही गोष्ट प्रत्येकाला माहीत व्हायला हवी. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पाणी संपून तो कोरडा पडला की काटा खाली येऊ शकतो. लालवरून अचानक खाली आलेला काटा म्हणजे बहुधा पाणी संपलं. त्याच क्षणी इंजिन बंद करायचं.

काटा चढायला लागला पण वाफ नाही, तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. पाणी आहे याची खात्री असेल तर बाजूला उभं राहून १,५०० फेऱ्यांवर दोन मिनिटं चालू ठेवा, काटा उतरायला हवा. उतरला नाही, वाफ दिसली किंवा इंजिन ठोके देऊ लागलं, तर बंद करा.

त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. वरचा होज हाताला मऊ आणि सोसवेल इतका कोमट झाल्यावरच जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापलेल्या, रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. इंजिन थंड होऊ द्या, मग सुरू करून आयडलवर ठेवा आणि कोमट पाणी थोडं थोडं ओता. पाणी लगेच खालून वाहून गेलं किंवा बुडबुड्यांनी परत बाहेर फेकलं जायला लागलं, तर गाडी टो करून न्या.